गॅरेजमध्ये न सापडणारा बिघाड

मल्टिमीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी ठणठणीत. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत. पण सेल्फचं बटण दाबलं की नुसतं ‘टक’ होतं आणि पुढे काही नाही. पाच मिनिटांनी तेच बटण दाबा, बाइक पहिल्या झटक्यात चालू. मेकॅनिकसमोर तर ती अशी वागते, की तक्रार करणाराच खोटा ठरावा. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, नंतर रिले, नंतर प्लग. बिल वाढत जातं आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो.

असा बिघाड वाटतो तितका लहरी नसतो. तो ठरावीक परिस्थितीतच डोकं वर काढतो, आणि आपण तपासणी करतो ती नेमकी ती परिस्थिती नसताना.

वरचीच तक्रार घ्या. शिसे-आम्ल बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणून १२.६. हा आकडा वाचताना मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. सेल्फची मोटर मात्र क्षणभर पन्नासएक अँपिअर मागते. आता समजा, इंजिनला येणाऱ्या अर्थच्या बोल्टखाली गंज बसून ०.०५ ओहमचा रोध तयार झाला आहे. ३५ वॅटचा हेडलाइट तीनेक अँपिअर घेतो, म्हणजे त्या गंजावर त्याचे ०.१५ व्होल्ट जातात. डोळ्याला कळतही नाही. पन्नास अँपिअर वाहू लागले की त्याच जागी अडीच व्होल्ट गडप होतात. भाराखाली बॅटरी स्वतःही दीड-दोन व्होल्ट खाली आलेली असते. उरलेल्या आठ-साडेआठ व्होल्टमध्ये, त्यातून थंडीच्या सकाळी ऑइल घट्ट झालेलं असताना, मोटर इंजिन फिरवणार कशी? जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर एकच नळ उघडला तर पाणी जोरात येतं आणि सगळ्यांनी सोडले की करंगळीएवढी धार उरते, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून मोजमाप करायचं ते सेल्फ मारतानाच. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मग बटण. जोडणी चांगली असेल तर पाव व्होल्टच्या आतबाहेर आकडा येतो. एक-दीड व्होल्ट दिसला, तर बॅटरीला दोष देण्याआधी पाना आणि पॉलिश पेपर हातात घ्यावा. जुने मेकॅनिक अजून ब्रेक लाइटच्या बल्बला दोन वायरी जोडून त्यानेच तपासतात, त्यांना हसू नये. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. जिथे कॉन्टॅक्ट खराब होऊन दहा ओहमचा रोध झालाय, तिथे महागडा डिजिटल मीटर खुशाल पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि हा साधा बल्ब जेमतेम लाल होतो.

पण कॉन्टॅक्ट एकदा खराब झाला की कायमचा खराब का राहत नाही? याचं उत्तर कंपनांत आहे. इंजिनच्या थरथरीने कपलरमधल्या पिना एकमेकींवर मायक्रोमीटरच्या मापात घासत राहतात. प्रत्येक घासणीला कल्हईचा बारीक कण निघतो, हवेत त्याचं ऑक्साइड होतं आणि ते तिथेच साचतं. ऑक्साइड वीज नीट वाहू देत नाही. कपलर ओढून पुन्हा बसवला की ती बारीक भुकटी बाजूला होते, बाइक चालू होते आणि नुकताच बदललेला भलताच पार्ट श्रेय घेऊन जातो. काही दिवसांनी भुकटी परत साचते. कोकणातली खारी हवा आणि वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा फवारा हे काम आणखी लवकर उरकतात.

‘टक’सुद्धा येत नसेल तर संशय स्विचांवर घ्यावा: क्लच, किल स्विच आणि अलीकडच्या बहुतेक गाड्यांत साइड स्टँडचा. हा शेवटचा बिचारा चिखलाच्या अगदी तोंडाशी बसवलेला असतो. हँडल एका बाजूला वळवलं की बंद आणि सरळ केलं की चालू, असं होत असेल तर हेडलाइटमागे वाकून वाकून एखादी वायर वेष्टणाच्या आत तुटली आहे, असं खुशाल समजावं. बाहेरून ती अखंड दिसते.

आता दुसरी जात. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. तेही फक्त तापल्यावर. घाट चढून चहाला थांबलात, दहा मिनिटांनी बाइक चालू होत नाही, अर्ध्या तासाने आपोआप होते. इथे पल्सर कॉइल तपासावी. ठिणगी कधी पाडायची हे सांगणाऱ्या या कॉइलमध्ये केसासारख्या तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे असतात. तारेला कुठे तडा गेला असेल, तर थंडीत तिची टोकं टेकलेली राहतात. तापल्यावर भोवतीचं प्लास्टिक तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि टोकं दूर ओढली जातात. घरी खात्री करायची तर कॉइलला ओहममीटर लावून हेअर ड्रायरने गरम करावं. साठ अंशांनी तापमान वाढलं तर तांब्याचा रोध साधारण पावपट वाढतो, तो हिशेब धरूनच बघावं. पण आकडा एकदम अनंताकडे उडाला तर विषय संपला.

प्लग बाहेर काढून, हेडला टेकवून ठिणगी बघण्याची आपल्याकडची लाडकी परीक्षा मात्र अर्धवट आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवलं, की वायूतून ठिणगी पाडायला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं. बाहेरच्या हवेत पाऊण मिलिमीटरची फट काही हजार व्होल्टमध्ये ओलांडता येते. सिलिंडरमध्ये मिश्रण नऊ-दहा पट आकसलेलं असताना तेवढ्यावर भागत नाही. तेव्हा थकलेली इग्निशन कॉइल बाहेर झकास ठिणगी देते आणि आत हात टेकते. ओलसर प्लग कॅप असेल तर ठिणगी आतल्याऐवजी कॅपवरूनच पळ काढते. रात्री अंधारात सेल्फ मारला तर निळसर रेषा दिसतेही. फक्त तेव्हा आसपास पेट्रोल सांडलेलं नको.

पेट्रोलकडचं कारण बहुधा अगदी साधं निघतं. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक धुळीने बुजलं, की पेट्रोल उपसलं जाताना आत निर्वात तयार होतो आणि कार्बोरेटरकडची धार थांबते. झाकण उघडताना ‘सुस्स’ आवाज आला आणि थोड्या वेळात बाइक चालू झाली, तर निदान फुकटात झालं.

दुरुस्ती झाली हे ओळखायचं कसं? समजा बाइक दहापैकी एकदा दगा देते. मेकॅनिकने एक पार्ट बदलला आणि ती लागोपाठ तीनदा चालू झाली. काहीही न बदलतासुद्धा असं घडण्याची शक्यता ७३ टक्के होती. केवळ नशिबाने चालू होत असण्याची शक्यता पाच टक्क्यांखाली आणायला तिला लागोपाठ २९ वेळा चालू व्हावं लागेल, आणि गॅरेजमध्ये कुणी एवढा वेळ थांबत नाही. पण ती घाट चढल्यावर दहापैकी नऊदा हटते, हे आधी कळलेलं असेल तर हिशेब उलटा होतो. पार्ट बदलून तसंच तापवल्यावर ती तीनदा चालू झाली, तर ते योगायोगाने घडण्याची शक्यता हजारात एक.