रस्त्यावरील मोफत आंतरजाल आणि नासधुशीची भीती

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे गाव चिंतामणी गणेशाच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा खुला झाला आणि गावास रेल्वे स्थानक लाभले. स्थानक, बसस्थानक, बाजारचौक, मंदिराचा परिसर अशा ठिकाणी सर्वांना मोफत आंतरजाल उपलब्ध करून द्यावे, अशी कल्पना कळंबसारख्या गावी मांडली असता पहिला आक्षेप खर्चाचा नसतो. “चार दिवसांत लोक यंत्र फोडतील, तारा नेतील,” असे सुशिक्षित मनुष्यही सहज बोलून जातो. हा आक्षेप कितपत साधार आहे आणि तो उच्चारल्याने काय घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आक्षेप निराधार आहे असे म्हणता येणार नाही. मे २०१७ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर तेजस एक्स्प्रेस सुरू झाली. पहिल्या फेरीपूर्वीच तिच्या खिडक्यांच्या काचांना तडे गेलेले आढळले आणि पहिल्या प्रवासानंतर काही हेडफोन नाहीसे झालेले व आसनांपुढील पडद्यांवर ओरखडे उठलेले दिसले. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करणारा कायदा १९८४ पासून अस्तित्वात आहे. तो करावा लागला, यातच पुष्कळसे येते. तथापि त्या गाडीतील बहुसंख्य प्रवाशांनी काहीही मोडले नाही, ही गोष्ट वार्ता होत नाही. मोडलेली वस्तू डोळ्यांस दिसते, न मोडलेली दिसत नाही. म्हणून समाजाविषयीचे आपले अनुमान नेहमी एका बाजूस झुकते.

दुसरा मुद्दा असा की मोफत आंतरजालाच्या योजना ज्या कारणांनी आटोपल्या, त्यांत नासधूस हे मुख्य कारण नव्हते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून गूगल व रेलटेल यांनी सुरू केलेली सेवा पुढे चारशेहून अधिक स्थानकांवर पोहोचली. २०२० मध्ये गूगलने तीतून अंग काढून घेतले, ते मोबाइलवरील डेटा स्वस्त व सुलभ झाला या कारणास्तव; रेलटेलने सेवा पुढे चालविली. न्यूयॉर्क शहरात २०१६ च्या आरंभी पदपथांवर जे आंतरजालस्तंभ उभारले गेले, त्यांच्या पडद्यांवरील मुक्त संचाराची सोय त्याच वर्षी सप्टेंबरात बंद करावी लागली. तेथेही तक्रार मुख्यतः मोडतोडीची नव्हती. काही माणसे स्तंभापाशी तासन्‌तास ठाण मांडतात अशी होती. वाय-फाय मात्र चालू ठेवण्यात आले.

तांत्रिक बाजूही लक्षात घेतली पाहिजे. खांबावरील लहानशी पेटी हा या व्यवस्थेचा केवळ दृश्य भाग होय. तिच्यामागे जमिनीखालील प्रकाशतंतूंची केबल आणि अखंड वीजपुरवठा असावा लागतो. रस्ता खोदताना केबल तुटली किंवा वीज गेली, तरी पेटी मुकी होते. मुकी पेटी आठवडाभर तशीच राहिली की ती कोणाचीच नाही अशी समजूत होते, आणि दगड उचलला जातो तो बहुधा या टप्प्यावर. नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टपालपेटीतून पाच युरोची नोट दिसणारा लिफाफा अर्धवट बाहेर ठेवला होता. परिसर स्वच्छ असता १३ टक्के लोकांनी तो लांबविला. पेटीवर रेघोट्या मारलेल्या असता हे प्रमाण २७ टक्के झाले. माणसे तशीच, गाव तेच. बदलली ती केवळ देखभालीची खूण.

यावरून निराशेचे खरे कार्य उघड होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये स्वतःस खरे ठरविणाऱ्या भाकिताची कल्पना विशद केली. लोक मोडणारच असे गृहीत धरले की दुरुस्तीसाठी तरतूद केली जात नाही, तक्रार घेणारा माणूस नेमला जात नाही. मग यंत्र बंद पडते, पोरके होते, फुटते, आणि भाकित करणारा “मी म्हणत नव्हतो?” असे समाधानाने विचारतो.

ही साखळी तोडण्याचा उपाय आपल्या अनुभवाबाहेरचा नाही. उन्हाळ्यात पाणपोई चालते ती रांजण रोज भरणारे कोणी असते म्हणून. पेल्याला बांधलेली साखळी हे दुय्यम साधन होय. १९८० च्या दशकानंतर देशभर पसरलेली पिवळ्या पाटीची सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे टिकली, कारण प्रत्येक यंत्रापाशी त्यावर पोट असलेला मनुष्य बसलेला असे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली पीएम-वाणी योजना याच धर्तीची आहे. तीत चहावाला वा किराणा दुकानदार परवान्यावाचून व शुल्कावाचून आपल्या दुकानातून वाय-फाय देऊ शकतो. पेटी रस्त्यावरून दुकानात जाते आणि तिला धनी मिळतो. मात्र धनी आला की किंमतही येते. सेवा मोफत ठेवावयाची तर त्या दुकानदाराचा मोबदला नगरपंचायतीसारख्या संस्थेने द्यावा लागेल. सामायिक संपत्ती तिच्या उपभोक्त्यांना नियम करण्याचा व देखरेखीचा अधिकार असल्यास दीर्घकाळ टिकते, हा एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये मांडलेला निष्कर्ष येथे लागू पडतो.

निराशेची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याच्या खिशात स्वतःचा डेटा आहे, त्याचे चौकातील पेटी न बसल्याने काही बिघडत नाही. २०२० मध्ये शाळा बंद होऊन वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा रिचार्जचे पैसे नसलेल्या घरातील मुले बाहेर राहिली. “लोकांची लायकी नाही” हे वाक्य उच्चारणारा बहुधा पहिल्या वर्गातील असतो आणि त्याचे परिणाम भोगणारा दुसऱ्या. म्हणून कळंबसारख्या गावी अशा योजनेचा विचार करताना लोक यंत्र मोडतील काय, या प्रश्नाआधी ते बंद पडल्यास दुसऱ्या दिवशी कोण येणार, हा प्रश्न विचारला पाहिजे.