पडद्यावरची शर्यत – भाग ६ : मागे इंजिन असलेली गाडी

पोर्शे ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडे, गाडीच्या शेपटीत बसवलेले असते. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने मांडली गेली. मधल्या शून्यावर प्यूजोने हरकत घेतली म्हणून आकडा बदलला. इंजिन जागचे हलले नाही. गाडीच्या वजनातले साधारण ६० टक्के मागच्या चाकांवर आणि ४० टक्के पुढच्यांवर पडते. रेसिंग गेममध्ये जुनी ९११ घेऊन उतरलेला नवखा खेळाडू पहिल्याच जोरकस वळणावर गरकन फिरून कठड्याला लागतो, तो या वाटणीमुळे.

बारामती-इंदापूरच्या रस्त्यांना ही मांडणी नवी नाही. बारामती एमआयडीसीतल्या पियाजिओच्या कारखान्यात बनणाऱ्या आपे रिक्षाचे इंजिन मागेच असते. २०१२ पासून तिथेच तयार होऊ लागलेल्या व्हेस्पाचे तर मागच्या चाकाला चिकटून. पुण्यात आखल्या गेलेल्या टाटा नॅनोचे ६२४ सीसीचे इंजिनही मागे होते, आणि तिचे टायर पाहिले की पुढचे सारे प्रकरण अर्धे समजते: पुढचे १३५ मिलिमीटर रुंद, मागचे १५५. जिथे वजन जास्त, तिथे रबर जास्त. पोर्शेने १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ या मॉडेलला पुढे ६ इंची आणि मागे ७ इंची रिम दिल्या होत्या. लाखाची गाडी आणि शर्यतीची गाडी, दोघींचे दुखणे एकच.

दुखणे असे. ऊस भरताना मोळ्या मागे जास्त पडल्या की बैलगाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेचा गाडीवरचा ताबा सुटतो. वळणात ९११ चे तोंड असेच हलके असते. वेगात शिरून नुसते स्टिअरिंग फिरवले तर पुढची चाके घसरतात आणि गाडी सरळ जाऊ पाहते. याला अंडरस्टिअर म्हणतात. खेळाडू दचकून अॅक्सिलरेटर सोडतो. त्याबरोबर वजन पुढे झुकते, पुढच्या टायरांना एकदम पकड मिळते, मागच्यांची तेवढीच जाते, आणि शेपटीतले इंजिन मागची बाजू बाहेर फेकते. हा ओव्हरस्टिअर. एकाच वळणात दोन उलटे दोष, आणि दुसरा पहिल्याच्या उपायातून जन्मलेला. पोर्शेच्या अभियंत्यांनाही यावर साधा तोडगा सापडला नाही. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना ११-११ किलोचे बिडाचे तुकडे बसवले होते. पुढे १९६९ च्या मॉडेलपासून पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले, तेव्हा स्वभाव थोडा निवळला.

म्हणून ही गाडी हातापेक्षा पायाने वळवावी लागते. ब्रेक सरळ रस्त्यावर, भरपूर आणि लवकर लावावा. इथे ९११ दुसऱ्यांपेक्षा सरस असते, कारण ब्रेक लावल्यावर वजन पुढे आले तरी मागे पुरेसे उरते आणि चारही टायर कामाला लागतात. वळायला लागताना ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडावा. तेवढा भार पुढच्या चाकांवर राहिला की तोंड आत येते. गाडी आत वळताच अॅक्सिलरेटर थोडा दाबून धरावा आणि बाहेर पडताना वाढवत न्यावा. वळणाचा आतला बिंदू नेहमीपेक्षा उशिरा गाठावा. तिथून पुढे मागच्या चाकांवरचे वजन वरदान ठरते. पुढे इंजिन असलेली गाडी चाके फिरवत बसते तेव्हा ९११ निघून गेलेली असते. शेपूट सुटलीच, तर पाय उचलू नये. स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने द्यावे, पाय हलकासा तसाच ठेवावा, आणि गाडी सावरू लागताच स्टिअरिंग चटकन सरळ करावे. नाही केले तर तीच शेपूट दुसऱ्या बाजूला, जास्त जोराने येते. कंट्रोलरवर खेळणाऱ्यांचे बोट ट्रिगरवरून फटकन सुटते, आणि निम्मे अपघात तिथेच होतात.

ट्यूनिंगची सुरुवात टायरच्या हवेपासून करावी. पोर्शेने ९११ एससी या मॉडेलसाठी पुढे २९ आणि मागे ३४ पीएसआय हवा सांगितली होती. गेममध्येही हा फरक धरून चालल्यास फारसे चुकत नाही. मग अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचे एका बाजूला झुकणे रोखणारा दांडा. गाडी तोंड आत घेत नसेल तर पुढचा बार मऊ करावा. पाय सोडताच फिरत असेल तर मागचा मऊ करावा. मागचा बार कडक करून तोंड आत आणण्याचा मोह इथे महागात पडतो. स्प्रिंग वजनाच्या वाटणीप्रमाणे, म्हणजे मागच्या जास्त कडक. पुढचा कॅम्बर थोडा जास्त ऋण, म्हणजे चाकांचे माथे आत झुकलेले ठेवावेत, आणि मागच्या चाकांना किंचित टो-इन द्यावे, म्हणजे त्यांची तोंडे जराशी आत वळवावीत. त्याने सरळ वेगात गाडी शांत राहते.

खरा गुण येतो तो डिफरन्शियलमधून. पाय सोडल्यावरचे लॉक वाढवले की मागची दोन चाके एकमेकांना धरून राहतात आणि शेपूट निघण्याचा जोर कमी होतो. मात्र फार वाढवले तर गाडी वळायलाच तयार होत नाही. ब्रेकची वाटणी पुढे इंजिन असलेल्या गाडीपेक्षा थोडी मागे नेता येते. गेममधली या वाटणीची पट्टी कोणत्या बाजूला सरकवली की जोर पुढे जातो, हे प्रत्येक गेममध्ये आधी पडताळावे. सगळे गेम यात एकसारखे नाहीत.

जुन्या ग्रॅन टुरिस्मो गेममध्ये पोर्शे सापडत नाही म्हणून गोंधळू नये. पोर्शेच्या गाड्या गेममध्ये वापरण्याचा परवाना २०१६ अखेरपर्यंत मुख्यतः इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या हाती होता, त्यामुळे तिथे रूफ या नावाच्या गाड्या दिसतात. त्यांतल्या बहुतेक ९११ वरच बेतलेल्या असल्याने वरचे सारे त्यांना लागू पडते.

१९७५ च्या ९११ टर्बोसाठी, म्हणजेच ९३० साठी, एक वेगळी तजवीज लागते. ३ लिटरच्या या इंजिनाची ताकद २६० अश्वशक्ती, पण टर्बो उशिरा जागा होतो आणि गिअर चारच. वळणाच्या मध्यावर पाय दाबावा, काही होऊ नये, आणि बाहेर पडताना सगळी ताकद एकदम यावी, असा हा प्रकार. फायनल ड्राइव्ह थोडा आखूड केला आणि वळणात एक गिअर खाली राहिले, तर इंजिनाचे फेरे टर्बोच्या टप्प्यात राहतात. मग अॅक्सिलरेटर आतल्या बिंदूच्या जरा आधी दाबायचा, म्हणजे ताकद चाकांपर्यंत येईतो स्टिअरिंग सरळ होत आलेले असते.