रुग्णाशी बोलताना ‘बस’ आणि ‘बसा’

मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात, उदाहरणार्थ १९५६ साली स्थापन झालेल्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे लोकांच्या ‘घाटी’त, मराठी, दखनी व गोरमाटी बोलणारे रुग्ण येतात. अशा ठिकाणी आपणांस कमी लेखले गेले असे रुग्णास केव्हा वाटते? केवळ ‘तू’ म्हटल्याने नव्हे. आईला व विठोबालाही आपण ‘तू’च म्हणतो. परंतु परीटघडीच्या कपड्यांतील गृहस्थास ‘बसा’ आणि मागच्या वृद्ध मजुरास ‘बस’ म्हटले की भेद उघड होतो. सर्वनाम गाळले तरी मराठी क्रियापद तो लपू देत नाही. ब्राऊन व गिलमन यांनी १९६० साली एकतर्फी ‘तू’मध्ये सत्तेची खूण पाहिली, रुग्ण ती शेजाऱ्याशी तुलना करून ओळखतो, आणि आमच्या मते ही पारख अधिक सूक्ष्म आहे. कोणता अपशब्द वापरला, असे विचारल्यास मात्र तो निरुत्तर होतो. कारण ‘बस’ हा अपशब्द नव्हे.