गाडी राहील, मिस्त्री राहील का?

रहिमतपूर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या मामूंचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि मधे एक खड्डा. १९८० च्या सुमाराची गोष्ट. मी शाळेत होतो. तिथं ट्रॅक्टर येत, जीप येत, फियाट येत. पण वर्षातून दोनदा पाचगणीकडून एक लाल गाडी येई, तेव्हा आम्ही पोरं शाळा बुडवत असू. दोन माणसांपुरती, वर टप नसलेली, तारांच्या चाकांची एम. जी. तिला दोन कार्ब्युरेटर. मामू रबरी नळीचं एक टोक कानाला लावत आणि दुसरं टोक आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरत. दोन्हींचा श्वास सारखा ऐकू आला की स्क्रू घट्ट करून म्हणत, ‘आता दोघे भाऊ एका ताटात जेवतायत.’

मालक वारले. गाडी तीन पावसाळे आमच्या आवारात उभी होती. मग कुणीतरी येऊन ती भंगारात वजनावर घेऊन गेलं. किती रुपयांना, ते आता आठवत नाही. फार नव्हते एवढं नक्की.

श्रोतेहो, वजनावर विकल्या जाणाऱ्या वस्तूला एखाद्या दिवशी अचानक मोल का येतं, आणि आलेलं मोल पुढे टिकेल का, एवढ्याच दोन प्रश्नांवर आज बोलायचं आहे.

आधी मोलाचा एक आकडा सांगतो. १९५५ साली मर्सिडीज बेंझ कंपनीनं शर्यतीच्या गाडीवर बेतलेल्या दोन बंद गाड्या बनवल्या होत्या. फक्त दोन. त्यातली एक कंपनीनं २०२२ मध्ये लिलावात काढली आणि ती १३ कोटी ५० लाख युरोंना गेली. आपल्या रुपयांत अकराशे कोटींच्या आसपास! त्या पैशातून तरुणांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारायचं कंपनीनं ठरवलं. इटलीच्या फेरारीची ‘२५० जीटीओ’ ही १९६२ ते १९६४ या काळात जेमतेम ३६ बनली. तिच्यातली एक २०१८ मध्ये अमेरिकेत ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. याउलट १९६१ ची जॅग्वार ‘ई-टाइप’ घ्या. अनेकांच्या मते आजवरच्या सर्वांत देखण्या गाड्यांपैकी ती एक. पण ती सत्तर हजारांहून अधिक बनली. म्हणून ती महाग असली तरी फेरारीच्या पंगतीला बसत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट संख्या. दुसरी गोष्ट अस्सलपणा. चासीवरचा नंबर, इंजिनावरचा नंबर आणि मूळ कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. मूळ इंजिन काढून दुसरं बसवलं की गाडी पळते, पण तिची किंमत घसरते. तिसरी गोष्ट इतिहास. कुणी चालवली, कुठल्या शर्यतीत धावली, कुणाच्या अंगणात उभी होती.

या तिसऱ्या गोष्टीचं उदाहरण मराठी माणसाला जवळचं आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) हे वेगाचे मोठे दर्दी. माणिकबाग राजवाडा त्यांनी जर्मन वास्तुकाराकडून आधुनिक पद्धतीनं बांधून घेतला, तशाच गाड्याही स्वतःच्या पसंतीनं घडवून घेतल्या. १९३०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी अमेरिकेची ड्यूझेनबर्ग ‘एसजे’ मागवली. इंजिन आणि सांगाडा अमेरिकेचा, अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी चढवलेलं, रंग नारिंगी आणि काळा. जगभरचे जाणकार आजही ती गाडी होळकरांच्या नावानंच ओळखतात. पण ती आता भारतात नाही. संस्थानं विलीन झाली, तनखे गेले, आणि राजेरजवाड्यांच्या अशा कितीतरी गाड्या परदेशी शौकिनांनी उचलल्या. जुन्या गाड्या देशाबाहेर नेण्यावर सरकारनं पुढे बंदी घातली, तोवर बरंच वाहून गेलं होतं.

तरी सगळंच गेलं नाही. कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी जाऊन पाहा. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार शाही सोहळ्यासाठी बाहेर पडते. ती काही शर्यतीची गाडी नव्हे. पण लोक पालखीसारखी तिची वाट पाहतात. लिलावाचा हातोडा न पडताही वस्तूला मोल असू शकतं, ते असं.

आता भविष्याकडे वळू. या गाड्यांपुढे चार प्रश्न उभे आहेत.

पहिला प्रश्न शौकिनांचा. माणूस बहुधा तीच गाडी विकत घेतो, जी त्यानं पंधराव्या-सोळाव्या वर्षी रस्त्यावर पाहिली आणि जी तेव्हा परवडत नव्हती. ती पिढी सरली की त्या गाडीचं गिऱ्हाईकही कमी होतं. जगाच्या बाजारात दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांचे भाव म्हणूनच मंदावले, तर १९९०च्या दशकातल्या निस्सान स्कायलाइन, टोयोटा सुप्रा अशा जपानी गाड्या चढल्या. तेव्हा ‘जुनी गाडी म्हणजे सोनं’ हे खरं नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे भाव असेच फुगले होते आणि १९९० नंतर धाडकन कोसळले. कर्ज काढून गाडी घेतलेले तेव्हा बुडाले.

दुसरा प्रश्न कायद्याचा. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. म्हणजे कायद्यानं तिला भंगारातून वाचवलं आणि त्याच वेळी घोड्याला तबेल्यात बांधलं. तरीही मला हा नियम उपकारकच वाटतो.

तिसरा प्रश्न इंधनाचा, आणि तो आपल्या शिवाराशी जोडलेला आहे. सातारा-सांगलीच्या उसापासून इथेनॉल बनतं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशानं २०२५ मध्ये गाठलं. आमच्या शेतकऱ्याला त्यात चार पैसे मिळतात, हे चांगलंच. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगवतं, टाकीला आतून गंज आणतं. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीला हे मानवत नाही. उपाय आहेत. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवाव्यात, पेट्रोल महिनोन् महिने टाकीत साठवू नये, गाडी अधूनमधून चालू करावी. २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हाही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हची बैठक झिजायची भीती होती. मिस्त्रींनी कडक धातूच्या बैठका बसवून तो प्रश्न सोडवला.

चौथा प्रश्न विजेचा. जॅग्वारनं ‘ई-टाइप’मध्येच बॅटरी आणि मोटर बसवून दाखवली. २०१८ मध्ये इंग्लंडचे राजपुत्र हॅरी लग्नानंतर तसलीच गाडी चालवत मेजवानीला गेले. दिसायला झकास. पण जुन्या वाहनांची ‘फिवा’ ही जागतिक संघटना म्हणते, मूळ इंजिन काढून वीज बसवली की ते ऐतिहासिक वाहन राहत नाही. मला ते पटतं. घोडा बदलून खोगीर तेच ठेवलं, तर रपेट तीच राहील का?

विजेच्या गाड्या वाढतील तसं या गाड्यांचं काय होईल? घोड्याचं जे झालं तेच, असं मला वाटतं. टांगे गेले, पण चांगला घोडा महाग झाला. निवडक गाड्या आणखी महाग होतील, सामान्य गाड्या विस्मरणात जातील. आपल्याकडे याची चाचणी व्हायचीच आहे. गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ किती जणांना आठवते? दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरच्या अंगाची छोटी गाडी. आरेखन फ्रान्समध्ये झालेलं, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं. फार थोड्या बनल्या, आणि उत्पादन बंद पडलं. संख्या कमी आहे, गोष्ट आपली आहे. उद्या तिला मोल येईल का? येईलही. पण त्या दिवशी तिचा एखादा भाग तुटला तर तो घडवणारा हात कुठं सापडेल?

आणि इथंच मला माझी चूक सांगितली पाहिजे. मामूंची एक लांबोडकी वही होती. कुठल्या गाडीच्या व्हॉल्व्हला किती फट, कुठल्या कार्ब्युरेटरचा स्क्रू किती आटे उघडायचा, कुठला वॉशर मिळाला नाही तर कुठल्या पंपाचा चालतो, हे सगळं त्यांनी मोडी वळणाच्या मराठीत टिपलं होतं. लाल गाडीची चार पानं त्यात होती. मामू गेले, गॅरेजची जागा मोकळी करायची होती, आणि मी ती वही बाकीच्या कागदांबरोबर रद्दीत घातली. गाडी भंगारात देणाऱ्यांना मी बरीच वर्षं नावं ठेवली. वही विकणारा मात्र मीच, कविता लिहिणारा माणूस. शब्दांची किंमत मला तरी कळायला हवी होती.

पैसेवाल्याला गाडी विकत घेता येते. तिचा श्वास जुळवणारा कान विकत मिळत नाही, तो एकापासून दुसऱ्याकडे जावा लागतो. तुमच्या घरी, शेडमध्ये जुनी गाडी असेल तर ती विकण्याआधी तिचे कागद शोधा, चासी नंबर टिपून ठेवा, आणि तिच्यावर हात चालवलेला एखादा म्हातारा मिस्त्री हयात असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. तो बोलेल ते लिहून घ्या. गाडीचा भाव पुढे चढो की पडो, ते लिहिलेलं वाया जाणार नाही.