पक्षाघातानंतर मेंदूची नवी घडण

पक्षाघात झाला की हातपाय कायमचे गेले, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. रक्तपुरवठा खंडित होऊन मृत झालेल्या मेंदूच्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत, हे खरे; परंतु निरोगी पेशी परस्परांशी नवे दुवे जोडून त्यांचे काम अंशतः स्वीकारू शकतात.

न्यूयॉर्कमधील प्राध्यापक पेद्रो बाख-इ-रिता यांना १९५९ साली पक्षाघात झाला. अर्धे अंग लुळे पडले, वाचा गेली. पुत्र जॉर्ज यांनी त्यांना तान्ह्या मुलाप्रमाणे प्रथम रांगावयास व मग चालावयास शिकविले. पुढे ते पुन्हा अध्यापन करू लागले. मृत्यूनंतर शवविच्छेदनात आढळले, की मेंदूतील मोठी इजा तशीच राहिली होती. उरलेल्या भागानेच कार्यभार उचलला होता.

हे दुवे सरावाने दृढ होतात. दुबळा हात वापरलाच नाही, तर तो अधिकच निकामी होतो. यास्तव डॉक्टरांच्या सल्ल्याने पेला उचलणे, गुंडी लावणे यांसारख्या क्रिया रोज अनेकवार करवून घ्याव्यात. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. नंतरही ती होऊ शकते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास अंथरुणास खिळलेले अनेक रुग्ण पुन्हा स्वावलंबी होऊ शकतील.