नाव किती जवळ न्यावी?

जुन्या जालन्यातल्या नळाला पाणी कोठून येते, असा प्रश्न वर्गात विचारला तर पहिले उत्तर बहुधा ‘टाकीतून’ असे मिळेल. आणखी खोदून विचारले, की मुले अंबडमार्गे येणाऱ्या मोठ्या नळापर्यंत आणि शेवटी पैठणच्या जायकवाडी धरणापर्यंत पोचतात. त्याच पाण्यात दर हिवाळ्यात हजारो पक्षी उभे असतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. मागे पसरलेल्या जलाशयाला नाथसागर नाव मिळाले आणि १९८६ मध्ये तो पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. धरण बांधले ते शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणी केला नसेल. मग ते येथे का आले?

उत्तर जलाशयाच्या आकारात आहे. तुडुंब भरल्यावर नाथसागराचे क्षेत्रफळ सुमारे ३५० चौरस किलोमीटर होते आणि त्यात सुमारे २९०० दशलक्ष घनमीटर पाणी मावते. मुलांना भागाकार करायला सांगा. सरासरी खोली जेमतेम सव्वाआठ मीटर निघते. भिंतीपाशी पाणी बरेच खोल आहे, याचा अर्थ बाकीच्या अफाट पसाऱ्यात ते उथळच असणार. मराठवाड्यात गोदावरीचे खोरे सपाट आहे. अशा ठिकाणी पाणी अडवले, की ते ताटलीत ओतल्यासारखे पसरते.

ताटलीच्या काठाचा हिशोब करून पाहू. काठाची जमीन दर २०० मीटरला एक मीटर उतरते असे धरू. (हा आकडा केवळ हिशोबापुरता. प्रत्यक्षात उतार जागोजागी बदलतो.) मग पाण्याची पातळी एक मीटरने खाली गेली, की २०० मीटर रुंदीची चिखलाची पट्टी उघडी पडेल. आता शेकाट्याचा विचार करा. काळे पंख, पांढरे पोट आणि वीतभर लांब तांबडे पाय असलेला हा पक्षी फार तर २० सेंटिमीटर पाण्यात चालत अन्न शोधू शकतो. आपल्या उतारावर २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची पट्टी किती रुंद? फक्त ४० मीटर. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या जलाशयात शेकाट्याच्या कामाची जागा ही एवढीच, काठाकाठाने जाणारी एक फीत!

शिवाय ही फीत जागची हलते. कालव्यांतून आणि नळांतून पाणी जाते, उन्हाने वाफ होते, आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पाणी आत आत सरकत जाते. दर दिवशी थोडा नवा चिखल उघडा पडतो. त्यात अळ्या, शंखशिंपले, किडे आणि बी असते आणि ते आयते पक्ष्यांच्या पुढ्यात येते. ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटीमुळे हेच दिवसातून दोनदा घडते. नाथसागरात ते वर्षातून एकदा, फार सावकाश घडते. एक प्रकारे आठ महिने चालणारी ओहोटीच म्हणायची.

या फितीत कोणी कोठे उभे राहायचे, हे पाय आणि चोच मिळून ठरवतात. आखूड पायांचे तुतवार ओल्या चिखलावर पळापळ करतात. त्यापुढे शेकाटे. त्याहून पुढे चमच्यासारखी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवणारे दर्विमुख आणि मासे टिपणारे चित्रबलाक. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांना पायांच्या लांबीची चिंता नाही, कारण ते पोहतात. तरीही पाण्यात मान बुडवून खाणाऱ्या बदकांना तळ मानेच्या पल्ल्यात लागतोच. पाण्यात सूर मारणारे पाणकावळे मात्र खोल पाण्यावर खुशाल असतात.

आणि रोहित, ज्याला अग्निपंख असेही म्हणतात. उभा राहिला तर सव्वा ते दीड मीटर उंच. उंच पायांमुळे तो इतर पाणचरांपेक्षा खोल पाण्यात जाऊ शकतो, पण त्याचे अन्न तर बारीक. मग लांब मान वाकवून तो डोके उलटे करतो. वरची चोच खाली येते. जाडजूड जीभ पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे मागेपुढे होऊन सेकंदाला अनेक वेळा पाणी आत ओढते व बाहेर ढकलते आणि चोचीच्या कडांवरच्या कंगव्यासारख्या पट्ट्या आतले अन्न अडवून धरतात. इतके दिवस आपण याला नुसती गाळणी समजत होतो. चिलीतील रोहितांच्या जातीवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की हा पक्षी पाय थोपटून आणि डोके झटकन वर ओढून पाण्यात भोवरे निर्माण करतो आणि इकडेतिकडे पळणारे बारीक जीव त्या भोवऱ्यांत अडकवून चोचीकडे आणतो. म्हणजे गाळणीला पंपही जोडलेला आहे आणि घुसळणीही! पिसांचा गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो. म्हणून पिल्ले राखाडी दिसतात आणि गुलाबी होण्यासाठी त्यांना काही वर्षे खावे लागते.

नाव आणि फीत

पक्षी पाहायला नावेतून का जायचे? एक कारण सरळ आहे. काठावरच्या चिखलात माणूस गुडघाभर रुततो. दुसरे कारण असे, की बहुतेक पाणपक्ष्यांना दोन पायांवर चालत येणाऱ्या माणसाची जितकी भीती वाटते, तितकी पाण्यातून संथ येणाऱ्या नावेची वाटत नाही. मासेमारी चालते त्या जलाशयावर ते रोज नावा पाहत असतात. आपल्याकडे याचे सर्वांत चांगले ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातील भिगवण. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा भीमेतून तेथपर्यंत येतो. भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ या गावांतील मच्छीमार हिवाळ्यात पाहुण्यांना स्वतःच्या नावांतून पक्षी दाखवतात. जाळे टाकता टाकता शिकलेले पाण्याचे ज्ञान तेथे उपयोगी पडते. आज चिखल कोठे उघडा पडला, रोहितांचा थवा काल कोठे होता, हे पुस्तकात सापडत नाही.

अशी नाव सपाट तळाची का असते, हे आर्किमिडीजच्या तत्त्वावरून वर्गात सहज दाखवता येते. तळ चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद धरा, म्हणजे पाच चौरस मीटर. नाव आणि माणसे मिळून वजन ६०० किलो. तेवढे वजन तोलायला ६०० लिटर पाणी बाजूला सारावे लागेल, म्हणजेच नाव १२ सेंटिमीटर बुडेल. पन्नास किलोचे आणखी एक माणूस चढले, की ती आणखी एक सेंटिमीटर खाली जाते.

बारा सेंटिमीटर या आकड्यावर थोडे थांबू या. शेकाटे वीस सेंटिमीटर पाण्यात चरतात आणि नावेला बारा पुरतात! याचाच अर्थ, पक्ष्यांच्या त्या चाळीस मीटरच्या फितीत नाव बऱ्याच आतपर्यंत घुसू शकते. पाणी आता नावेला अडवणार नाही. अडवले तर नावाडीच अडवील, किंवा नावेत बसलेले आपण.

जाणता नावाडी सरळ थव्यावर चाल करून जात नाही. इंजिन दुरूनच बंद करतो, पुढे वल्ह्याने किंवा बांबूने रेटत तिरके तिरके जातो आणि मध्ये मध्ये थांबतो. सूर्य पाठीशी राहील असेही बघतो, म्हणजे रंग दिसतात. थव्याकडे पाहिले तर तो काय बोलतो आहे हे आपल्यालाही कळू लागते. चरणारे पक्षी माना खाली घालून असतात. प्रथम एकदोन माना वर होतात. मग बऱ्याच माना वर होतात आणि चरणे थांबते. त्यानंतर सगळे एकाच दिशेने चालू लागतात. रोहित तर शिस्तीने कवायत केल्यासारखे चालतात आणि नावेतली मंडळी खूश होऊन टाळ्या वाजवतात. वास्तविक तो नाच नसतो, ते मागे सरणे असते. यापुढची पायरी म्हणजे उड्डाण.

‘एकदा उडवून दाखवा ना,’ ही मागणी नावेत हमखास होते. उघडलेले गुलाबी पंख पाहण्याजोगे असतात हे खरेच. पण दोन ते चार किलोचा हा पक्षी जागच्या जागी उडू शकत नाही. पाण्यावरून धावत वेग घ्यावा लागतो. उडताना पक्ष्याच्या शरीराला विश्रांतीच्या वेळेपेक्षा दहापट किंवा त्याहूनही जास्त ऊर्जा लागते. खर्च वाढतो आणि तेवढा वेळ खाणेही बंद. एका नावेने एकदा उडवले तर फारसे बिघडत नाही. सुटीच्या दिवशी सकाळपासून एकामागून एक नावा आल्या आणि प्रत्येकीने एकदाच उडवले तर? पट्टकदंबासारख्या पाहुण्यांना तर उन्हाळ्यापूर्वी हिमालय ओलांडून परत जायचे असते. त्यासाठी लागणारी चरबी येथेच साठवावी लागते. एकट्या नावाड्याला दोष देऊन भागणार नाही. गिऱ्हाईक खूश झाले तर पुन्हा येते, आणि त्याचे घर त्यावर चालते. गिऱ्हाईक कशाने खूश होते, हे बदलणे आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, हातात बरेच आहे. नावेत बसण्यापूर्वीच ‘पक्षी उडाले नाहीत तर आम्हाला जास्त आवडेल’ असे नावाड्याला सांगून टाकावे. त्यालाही ते बरेच वाटेल.

त्या फितीवर हक्क सांगणारे आणखीही आहेत. पाणी मागे सरकले की उघड्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात. पंप पाण्याच्या कडेला आणून बसवले जातात, जाळी लागतात, गुरे उतरतात. यातले कोणीच उपरे नाही. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यापैकी कित्येकांचे पोट या ओल्या गाळावर चालते. म्हणून ‘माणसे हटवा, पक्षी वाचवा’ असे सोपे उत्तर मुलांना देऊ नये. आपण मात्र तेथे केवळ पाहायला जातो, तेव्हा थोडे मागे थांबण्यात आपले काहीच जात नाही.

सहल काढताना

नाथसागर जालन्याहून एका दिवसात पाहून येता येतो. पण ते अभयारण्य आहे, त्यामुळे आत जाण्याची, विशेषतः पाण्यात उतरण्याची परवानगी वनविभागाकडून आधी घ्यावी. भिगवणला मुक्कामाने जावे आणि पहाटेच नावेत बसावे. नाव नकोच असेल तर नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर चांगले. रामसर यादीत गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र असून तेथे निरीक्षण मनोऱ्यांवरून पक्षी दिसतात.

उथळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हा समज आधी काढून टाकावा. रुंद, मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला लाटा उठवायला लांबच लांब पल्ला मिळतो आणि उथळ जागी त्या लाटा आखूड व उभ्या होतात. सपाट तळाच्या नावेला त्याच अधिक वाईट. मे २०२४ मध्ये उजनी जलाशयातच कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तेव्हा प्रत्येक मुलाच्या अंगावर तरंगजाकीट हवेच, आणि त्याचे पट्टे आपण स्वतः ओढून पाहावेत. वारा सुटला, ढग आले, तर पैसे भरलेले असले तरी जाऊ नये. एका नावेत किती मुले, याचे उत्तर वरच्या सेंटिमीटरच्या हिशोबाने मुलेच देतील. पाण्याच्या वर नावेची कड किती उरते, एवढे पट्टीने मोजायचे.

जाण्यापूर्वी एक प्रयोग गावातच करता येतो. घाणेवाडी किंवा मोती तलावाच्या काठी चार-पाच मुलांचा गट न्या. आधी प्रत्येकाने आपले एक पाऊल किती सेंटिमीटरचे ते मोजून ठेवावे. एकाने लांबून एका बगळ्याकडे सरळ, एका चालीने चालत जावे. बगळ्याने मान वर केली की पहिला खडा टाकावा, तो उडाला की दुसरा. बगळा जेथे उभा होता तेथपर्यंतचे अंतर दोन्ही खड्यांपासून पावलांनी मोजावे. पाण्यात उभ्या असलेल्या बगळ्याच्या मागे जाऊ नये, काठावरचाच निवडावा. मग दुसऱ्या बगळ्याकडे तिरके जाऊन पाहावे. नंतर एकट्याऐवजी चौघांनी मिळून. एकाच पक्ष्याला पुन्हा पुन्हा उठवू नये आणि घरट्यांच्या आसपास हा प्रयोग करूच नये. गुरांमागे फिरणारा गायबगळा आणि तलावाकाठचा राखी बगळा यांच्या आकड्यांत मोठा फरक दिसेल. तो का, यावर तास रंगतो. साधारणपणे मोठ्या अंगाचे पक्षी लवकर बिथरतात आणि जेथे शिकार होते तेथे सगळेच.

वहीत दोन रकाने हवेत. मान वर केली ते अंतर आणि उडाला ते अंतर. नाव थांबवायची ती पहिल्या रकान्यावर, दुसऱ्यावर नव्हे. मुलांनी घरच्या तलावावर हे आकडे स्वतः काढलेले असले, की भिगवणला पहिली मान वर होताच नावेतून ‘काका, थांबा’ असा आवाज बहुधा एखाद्या मुलाचाच येतो.