सळई सातवर

‘चार, तीन, सहा,’ कॅप्टन मॅडम आकडे सांगतात आणि शेजारची मुलगी तक्त्यावर लिहून घेते. ‘पाच, चार, सात.’

खुर्चीत आमची आत्या आहे, साताऱ्याहून लेकाकडे आलेली. तो इथे हवालदार. कोलकात्यातल्या फोर्ट विल्यमच्या वेल्फेअर हॉलमध्ये आज जवानांच्या घरच्यांची दाततपासणी आहे. किल्ल्याचं नाव आता विजय दुर्ग, एका दरवाजाचं शिवाजी गेट. बर्गींच्या, म्हणजे मराठा घोडेस्वारांच्या धास्तीने १७४२ मध्ये ज्या शहराने मराठा खंदक खणायला घेतला, त्याच शहरात! आत्याला या नावांचं कोण कौतुक. आत्ता मात्र तिची मूठ कमरेच्या पिशवीवर आवळलेली आहे. आत मिश्रीची डबी आहे.

मॅडमच्या हातातली सळई टोकाला बोथट, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती अलगद सरकवायची आणि किती आत जाते ते बघायचं. तीनपर्यंत ठीक. मागच्या दाढेपाशी ती सातपर्यंत बुडते. बाहेर काढली की फटीच्या कडेला रक्त भरतं, एका जागी थांबतं, मग ओघळतं.

‘दुखतं?’

‘न्हाई,’ आत्या म्हणते आणि माझ्याकडे वळते, ‘दुखत न्हाई तर उकरतीय कशाला ही?’

दुखत नाही, म्हणूनच तर हा आजार वर्षानुवर्षं पोसला जातो. दातांवरचा चिकट थर साफ झाला नाही की त्याचं दगडासारखं कीटण होतं. त्याच्या आडोशाने जंतू हिरडीखाली उतरतात, हिरडी दातापासून सुटते आणि आतलं हाड झिजत जातं. दात हलायला लागला की माणूस दवाखान्याची पायरी चढतो.

मॅडम फाइल चाळतात. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर. गोळ्या वेळेवर, भात बंद, रोज ग्राउंडला चार फेऱ्या. वहिनी हे सगळं हिरिरीने सांगतात. सासूची साखर हटत नाही म्हणजे आपलंच काही चुकतंय, असं त्यांना वाटतं.

‘माताजी, पायाला जखम झाली तर काय कराल?’

मी मराठीत सांगते. आत्या ताडकन म्हणते, ‘लगोलग दावीन. शुगरवाल्याचा पाय लई जपावा लागतो.’

‘मग ही जखम तोंडात आहे. सगळ्या दातांभोवती.’

साखर वाढली की हिरड्या लवकर सडतात, हे बरेच जण ऐकून असतात. उलटी वाट कोणी सांगत नाही. हिरड्यांतली सूज रक्तात अशी द्रव्यं सोडत राहते की इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. खोलवर सफाई केली तर तीन-चार महिन्यांत ती सरासरी साखर साधारण ०.४ टक्क्याने उतरते, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. आकडा लहान वाटतो, पण साखरेची एखादी जादा गोळीही कधीकधी एवढंच करते.

रांगेतले सुभेदारसाहेब विचारतात, यानेच हार्टअटॅक येतो ना? मॅडम सावध आहेत. हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं. पण हिरड्या बऱ्या केल्याने झटका टळतो असं सिद्ध झालेलं नाही. मला हे उत्तर आवडतं. भीती घालणं सोपं होतं.

‘माझ्या हिरड्यांतून तर कधी रक्त येत नाही,’ साहेब खूश.

‘सिगरेट?’

साहेब गप्प. सिगरेटने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आत आजार असला तरी रक्त दिसत नाही. त्यांचा नंबर मागे होता, मॅडम त्यांना पुढे बोलावतात.

आत्याला दोन वेळा यायचं आहे. सफाई हिरडीखाली, भूल देऊन. उपाशीपोटी यायचं नाही, साखरेची गोळी चुकवायची नाही. आणि मिश्री बंद. गालाच्या आत, ती रोज दाबून ठेवते तिथे, पांढरट चट्टा आहे. तो मोठ्या दवाखान्यात दाखवायचा. हे सांगताना मॅडमचा आवाज बदलतो. वहिनी तारीख आजचीच मागतात.

‘सकाळची एकदाच लावली तर?’ आत्या घासाघीस करते. मला भाषांतर करावं लागत नाही. मॅडम नुसती मान हलवतात.

बाहेर बाकावर एक ओडिया बाई बसली आहे. तिच्या बोटाला गुडाखू, तंबाखू आणि गुळाचा काळा लेप. आत्या शेजारी टेकते, ते बोट निरखते आणि आपल्या हिंदीत सुरू होते, ‘तुमको शुगर है क्या? पहले वो चेक करो.’

वहिनी तेवढ्यात तिच्या पिशवीतून डबी काढून घेतात.